शेवाळाला कळशीतलं पाणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं "पीएच.डी. कुठवर आली?" असं मला घरात कुणी विचारत नसे. विचारायचे ते लग्नात भेटणारे पाहुणे, आणि त्यांना मी ताटातल्या जिलबीकडं बघत "चालू आहे" एवढंच सांगायचे. चालू म्हणजे सात वर्षं चालू होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी आणि शेवटची हातात होती, आणि तिच्या पत्रात खालच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की यानंतर नोंदणी रद्द समजण्यात येईल. वय बेचाळीस. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्या तासांपुरत्या तुम्ही प्राध्यापक, उन्हाळ्याच्या सुट्टीत नुसत्या बाई. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे. आणि हे सगळं अवलंबून कशावर, तर शेवाळावर.

शेवाळ म्हणजे मोरीत तुमचा पाय घसरवतं ते नव्हे हो. विहिरीच्या आतल्या दगडांवर हिरवीगार मऊ गादी असते ना, ते. आम्ही वनस्पतिशास्त्रवाले त्याला मॉस म्हणतो. या मॉसला खरी मुळं नसतात, अंगावर धड सालही नसते. खाणं-पिणं सगळं पानांतून. हवेत आणि पाण्यात शिसं असो, जस्त असो, तांबं असो, थेट आत जातं, आणि आत गेलं की पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांचे तुकडे पाडतं. जड धातूंनी मॉसच्या डीएनएची किती मोडतोड होते, हा माझा विषय. लग्नात एखाद्या पाहुण्यानं नेट धरून पुढं विचारलंच आणि मी एवढं सांगितलं, की तो लगेच "मठ्ठा आणतो" म्हणून उठायचा, तो परत यायचाच नाही.

ही मोडतोड मोजायची एक फार देखणी पद्धत आहे. पेशी एका पारदर्शक चिकट थरात बसवायच्या, वीज सोडायची, रंग घालायचा आणि खास दिव्याच्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. ज्या पेशीचा डीएनए धड, तिचा गोल ठिपका दिसतो. ज्या पेशीचा तुटलाय, तिचे तुकडे विजेच्या ओढीनं वाहत जातात आणि ठिपक्याला मागं शेपूट फुटतं, धूमकेतूसारखं. शेपूट जेवढं लांब, तेवढा नाश जास्त. एवढं कळलं की माझा अख्खा प्रबंध कळला.

मॉस आणलं आमच्या गावच्या विहिरीतून. गाव सिल्लोडच्या अलीकडं, आजूबाजूला कारखाना नाही, चिमणी नाही. ते ट्रेमध्ये लावून तीन ठिकाणी ठेवलं. एक ट्रे औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला, एक शहरातल्या गजबजलेल्या चौकात एका झेरॉक्सवाल्याच्या गच्चीवर, आणि तिसरा आमच्या घराच्या मागच्या बाल्कनीत. आमचं घर दौलताबाद रस्त्याला, शहर संपतं तिथं. मागं शेत, पुढं शेत, धूळ आहे पण धूर नाही. म्हणजे घरचा ट्रे हा निर्मळ गट. बाकी दोघांची तुलना याच्याशी करायची. हा बिघडला तर सगळंच बिघडलं. गाइड मॅडमनी मला दहा वेळा बजावलं होतं, "तिन्ही ट्रेला पाणी एकच, डिस्टिल्ड. फरक फक्त हवेचा."

डिस्टिल्ड पाणी स्वस्तात मिळतं ते बॅटरीच्या दुकानात. शहागंजाकडं जाताना एक चाचांचं दुकान आहे, तिथून मी दर आठवड्याला कॅन आणायचे. तिसऱ्या कॅनला चाचांना राहवलं नाही.

"मॅडम, घर में इन्व्हर्टर कितने हैं?"

"एक पण नाही."

"तो फिर इतना पानी कायकू?"

"शेवाळाला घालते."

चाचांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, "हौ" म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला बसायला खुर्ची द्यायला लागले. आजारी माणसाला देतात तशी.

आता घरातली माणसं सांगते. नवरा, मी आणि आत्या. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर जमीन बटईनं देऊन त्या आमच्याकडं राहायला आल्या. पहिल्या दिवशी मी ट्रे घेऊन घरात शिरले तर त्या दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या.

"विहिरीतली घाण उचलून बाल्कनीत आनती का गं कुनी? माझा जन्म गेला शेवाळ खरवडन्यात."

"आत्या, ही घाण नाही. हा माझा अभ्यास आहे."

"अभ्यास पुस्तकाचा करतेत."

पण मला सकाळी साडेसहाला कॉलेज गाठायचं असायचं, आणि पाणी तर रोज सकाळी घालायलाच हवं. नवऱ्याच्या भरवशावर मी तुळस ठेवत नाही, तर मॉस कुठून ठेवणार! मग आत्यांनाच विनवणी केली. कॅन दाखवला, माप सांगितलं. रोज एक पेला, काठोकाठ, फवारून. आणि ट्रेला दुसरा कुणाचाही हात लागू द्यायचा नाही. आत्यांनी कॅन वास घेऊन बघितला. "हे कसलं पानी?" मी घाईत म्हणाले, "बॅटरीत घालतात ते." ही माझ्या सात वर्षांतली सगळ्यात मोठी चूक, पण तेव्हा मी चपला घालत होते.

दहा-पंधरा दिवसांत आत्यांचा आणि मॉसचा सूर जुळला. मी दुपारी घरी यावं तर त्या बाल्कनीत शेंगा फोडत बसलेल्या आणि ट्रेशी बोलणं चाललेलं. "ऊन लागायलंय का रं? थांब, पडदा सारते." मला बरं वाटलं. कॅनमधलं पाणी बरोबर हिशेबात कमी होत होतं. आणि त्या उन्हाळ्यात आमची फरशी अशी लख्ख होती म्हणून सांगू! आमच्याकडचं बोअरचं पाणी एवढं जड की पुसल्यावर फरशीवर पांढरे डाग राहतात. त्या वर्षी एक डाग नाही. शेजारीण येऊन विचारून गेली, कुठलं फिनेल वापरता. मीसुद्धा आत्यांचं कौतुक केलं. मला तेव्हा संशय यायला हवा होता, मी शास्त्रज्ञ ना!

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. आलं की अख्खी कॉलनी ड्रम, टाक्या, बादल्या घेऊन युद्धाला उभी. त्यातली पहिली धार आत्यांच्या तांब्याच्या कळशीत. ही कळशी त्यांनी गावाहून आणलेली, चिंचेनं घासघासून आरशासारखी केलेली. तांब्याचं पाणी अंगाला चांगलं, म्हणून रोज सकाळी तिघांना त्यातला एकेक पेला. पेल्यांवर नावं टाकलेली, ज्याचा त्यानं घ्यायचा. ड्रममधलं शिळं पाणी कळशीत ओतलेलं आत्यांना खपायचं नाही, त्यामुळं एक कळशी आठ दिवस पुरवायची. मी दारातून निघताना आत्या माझा पेला घेऊन उभ्या. पाणी पिताना मी विचारायचे, "तुम्ही घेतलं का?" त्या म्हणायच्या, "मी मगाच घेतलं. तू पी, गाडी जाईल."

असे बारा आठवडे गेले. दर शनिवारी मी तिन्ही ट्रेंमधून चिमूटभर मॉस घ्यायचे, स्लाइड करायचे, वाळवून डब्यात ठेवायचे. लगेच बघता येत नव्हत्या, कारण त्या खास मायक्रोस्कोपचा दिवा गेला होता. नवा दिवा मागवण्याचा अर्ज कुठं कुठं फिरत होता देव जाणे. शेवटी दिवा आला तेव्हा माझ्या हातात मुदतीचे चारच महिने उरले होते. मी एका सोमवारी डबे घेऊन बसले ते शुक्रवारीच उठले.

चौकातल्या मॉसला शेपटं होती. बरोबर. औद्योगिक वसाहतीतल्या मॉसला त्याहून लांब शेपटं होती. तेही बरोबर. मग घरचा डबा उघडला. घरच्या निर्मळ, पवित्र, शेतावरच्या वाऱ्यात वाढलेल्या मॉसला सगळ्यांत लांब शेपटं. एकही ठिपका धड नाही. आठवड्यामागून आठवडे तेच. फक्त मध्येच एक, नववा आठवडा, त्यात मात्र बहुतेक ठिपके पुन्हा गोल. दहाव्यापासून परत शेपटं.

गाइड मॅडमनी फोटो बघितले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितले.

"तुझ्या घरात कारखाना आहे का गं?"

"नाही मॅडम."

"मग हे काय आहे? आणि हा नववा आठवडा कुठून आणलास तू? हा बघून कुणीही म्हणेल की पोरीनं एका आठवड्याचे आकडे मनानं लिहिले."

मी मनानं काय लिहीन? मनानं लिहायचं असतं तर बाराही आठवडे नसते का लिहिले! पण मॅडमचंही खरं होतं. निर्मळ गटच नासलेला, म्हणजे तुलना कशाशी करणार? तुलना नाही तर प्रबंध नाही. प्रबंध नाही तर नोंदणी रद्द, आणि मी जन्मभर उन्हाळ्याच्या सुट्टीत नुसती बाई. मी तिथून निघाले ती तडक बॅटरीच्या दुकानात. रस्ताभर मला एकच सुचत होतं, पाण्यात भेसळ आहे.

चाचांनी खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुमच्या पाण्यानं माझं वाटोळं झालं, सील खोटी, कॅन खोटे, सगळं खोटं. चाचांनी तोवर एका गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजून दिले. मग म्हणाले, "मॅडम, बीस साल में किसीके बॅटरी ने शिकायत नै करी. तुमारी शेवाळ कायकू कर री?" आणि एक सीलबंद कॅन उचलला, माझ्यासमोर फोडला, ग्लासात ओतला आणि गटागटा पिऊन टाकला. ओठ पुसून म्हणाले, "सील मेरे यहाँ से साबुत जाता. घर में खोलता कौन, वो पूछो."

मी घरी आले. नवऱ्याला विचारलं, त्यानं बाल्कनीत पाऊल टाकलेलं नव्हतं, हे मला पटलं. तो घरात इतरत्रही फारसं काही करत नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाल्याचं नाटक केलं, जिन्यात पाच मिनिटं थांबले आणि हळूच परत येऊन बाल्कनीच्या दाराआड उभी राहिले.

आत्यांनी देवपूजा आटोपली. कळशी वाकवली. पेला भरला, अगदी काठोकाठ. मग बाल्कनीत येऊन ओंजळीनं ते पाणी ट्रेवर शिंपडलं, वर डोळे मिटून हात जोडले. मग आत गेल्या, माझा डिस्टिल्डचा कॅन उचलला, त्यातलं बरोबर एक पेला पाणी फरशी पुसायच्या बादलीत ओतलं.

"आत्या!"

त्यांच्या हातातून कॅन पडलाच असता.

"अगं बया! गेली नव्हतीस व्हय?"

"हे काय घालताय तुम्ही त्याला?"

"कळशीतलं पानी. रोजच घालते की."

"आणि कॅनमधलं?"

"ते कुठं जित्या जीवाला घालतेत? बॅटरीचं पानी ते. तुझ्या सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं सांडलं व्हतं, तर सगळ्या धोतराची चाळनी झाली. ह्या एवढ्याशा पानाचं काय व्हईल? मी म्हनलं, हिला कळंना, आपन कळून कसं मारावं. फरशीला मातर चांगलं हाय."

आता तांबं हे मॉसचं जालीम विष आहे, हे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. माणसाला जे पेलाभर चालतं ते मॉसला चालत नाही. आठ-आठ दिवस चिंचेनं घासलेल्या कळशीत मुरलेलं पाणी, तेही रोज, तेही ओंजळीनं. चौकातल्या हजार गाड्यांना जमलं नाही ते माझ्या सासूनं देवाचं नाव घेऊन केलं होतं. पण हे मला तेव्हा हसायसारखं वाटलं नाही. मी त्यांना बोलले. खूप बोलले. माझ्या सात वर्षांचं वाटोळं केलंत, साधं एक काम सांगितलं होतं, ते जमलं नाही, आता बसा त्या कळशीला कवटाळून. सगळं बोलून झालं. आत्यांनी पदरानं कळशी पुसली आणि आत नेऊन ठेवली.

तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. पेला मात्र रोज सकाळी दारातल्या स्टुलावर भरून ठेवलेला असायचा.

मॅडमना सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, कळशी, चिंच, धोतर, फरशी. मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि शिपायाला पाणी आणायला सांगावं लागलं. पाणी आल्यावर त्यांनी ग्लासाकडं बघितलं आणि पुन्हा हसत सुटल्या. मग एकदम थांबल्या.

"थांब. रोज एकच पेला? बारा आठवडे?"

"हो."

"अगं, मग हे नासलेलं कसं? हा तर तांब्याचा गट झाला. हवेतला धातू एकीकडं, पाण्यातला एकीकडं. निर्मळ गट तेवढा नव्यानं लाव. पण मला नवव्या आठवड्याचं सांग. तिथं काय झालं?"

ते मला कुठं ठाऊक होतं! ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाशी माझं बोलणं बंद होतं. घरी येऊन मी स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, उगाच डबे उघडून झाकले. शेवटी पाठमोऱ्या आत्यांना म्हणाले, "एप्रिलच्या सुरवातीला एक आठवडा तुम्ही त्याला कळशीतलं घातलं नव्हतं का?"

आत्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "पाइप फुटला व्हता तवा. पंधरा दिवस नळ नव्हता. त्या आठवड्यात तुला तरी पेला दिला का मी? कळशी कोरडीठाक. मंग मन मारून तुझं ते बॅटरीचं घातलं. रोज त्याची माफी मागून घातलं."

म्हणजे मॉसनं काय केलं होतं बघा. आठ आठवडे त्याचे धागे तुटत होते. एक आठवडा तांबं बंद झालं, साधं निर्मळ पाणी मिळालं, आणि त्यानं तुटलेलं बरंचसं आपलं आपण जोडून घेतलं. नळ आला, कळशी भरली, आणि पुन्हा तुटायला लागलं. एवढी नेटकी गोष्ट मी स्वतः ठरवून केली असती तर कधी साधली नसती. मी मोबाइलवरचे फोटो काढून आत्यांपुढं धरले. हा नववा आठवडा, हे गोल ठिपके. हा आठवा, ही शेपटं.

आत्यांनी पिठाचे हात पुसून फोन लांब धरला. "हे ज्वारीचं दानं दिसतेत. आन हे पाखडताना सांडल्यावानी." मग शेपटांवर बोट ठेवून, "हे मी केलं का गं?"

"तांब्यानं केलं."

"मंग मी चाळीस वर्सं तेच पानी पितेय. माझ्या आत बी असंच सांडलंय का?"

मी सांगितलं, माणसाला कातडी आहे, यकृत आहे, जास्तीचं आलं तर ते बाहेर काढून टाकतं. मॉसला यातलं काहीच नाही. जे अंगावर पडेल ते आत.

"म्हंजी त्याला नको म्हनता येत नाय," आत्या म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली. ती भाकरी त्या दिवशी करपली. आत्यांची भाकरी करपलेली मी तेव्हा एकदाच पाहिली.

मग आम्ही दोघींनी मिळून पुन्हा मांडणी केली. दोघी गावाला गेलो, विहिरीतून नवं मॉस काढलं. दोन ट्रे. एकाला डिस्टिल्ड, एकाला कळशीतलं, आणि दर तिसऱ्या आठवड्याला कळशीवाल्याला सुट्टी. डिस्टिल्डचा ट्रे आत्यांनी विश्वासानं सांभाळला, पण कळशीचं पाणी घालायला त्यांचा हात धजेना. "कळून कसं घालू?" म्हणायच्या. ते शेवटपर्यंत मी घातलं. चाचांकडं जाऊन माफी मागितली. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "अब शेवाळ की तबियत कैसी?" नव्या निर्मळ गटाचे ठिपके गोल आले, सुट्टीच्या आठवड्यात शेपटं आखडली, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी मी प्रबंध जमा केला.

तोंडी परीक्षा आमच्याकडं सगळ्यांसमोर होते. कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात लोक येतात ते नंतरच्या जेवणाला. आत्या पहाटेपासून धपाटे करून, येसराची आमटी घेऊन, कळशीसकट आल्या होत्या आणि मागच्या रांगेत नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. परीक्षक सर बाहेरगावचे, कडक म्हणून नावाजलेले. तासभर त्यांनी मला सोलून काढलं. मी तग धरून होते. मग त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

"दुसऱ्या प्रयोगाचं समजलं. पण तुमचा मूळ शोध पहिल्या प्रयोगातला आहे. तिथं तुम्ही लिहिता, रोज एक पेला, काठोकाठ. मोजणारं तर कुणीच नव्हतं. घरची माणसं पाणी घालणार, कधी अर्धा, कधी पाऊण, कधी विसरले. मग नवव्या आठवड्यात तांबं थांबल्यामुळं भरून आलं, असं कशावरून म्हणायचं? आधीही कमीजास्त होत असेल."

खरंच, कशावरून? मी मॅडमकडं बघितलं, मॅडम टेबलाकडं बघत होत्या. सात वर्षं त्या एका पेल्यापाशी येऊन अडली होती.

"म्या सांगू का?" मागून आवाज आला.

आत्या उभ्या होत्या. नवरा त्यांचा पदर ओढत होता. परीक्षक म्हणाले, "बोला आजी."

"पानी म्या घातलं, साहेब. काठोकाठच घातलं. रोज."

"खात्रीनं कसं सांगता?"

आत्यांनी पिशवीतून पेला काढला आणि वर धरला. त्यांचं नाव टाकलेला. "हा माझा पेला. कळशी आठ दिस पुरवायची, तिघांचे तीन पेले रोज. चौथा निघत नव्हता त्यात. मंग माझा त्याला घालायचे. माझ्या वाटचा पेला म्या दुसऱ्याला अर्धा कसा देईन, साहेब?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही काय प्यायचात?"

"ड्रमातलं. मला काय व्हतंय? ह्यो हिचा अभ्यास व्हता."

मला भर हॉलमध्ये रडू फुटलं. बारा आठवडे मी दारात घटाघटा पाणी पीत विचारत होते, "तुम्ही घेतलं का?" आणि त्या म्हणत होत्या, "मी मगाच घेतलं." आणि त्याच पेल्यासाठी मी त्यांना म्हणाले होते, वाटोळं केलंत. सरांनी पुढं काहीतरी विचारलं, ते मला ऐकूही आलं नाही. मी पदराला नाक पुसत उभी होते.

"तिला आता काय इचारू नका," आत्या म्हणाल्या. "झाली का पास? जेवान निवायलंय."

सरांनी तिथंच सही केली. मॅडमनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

जेवताना सरांना ठेच्याचा ठसका लागला. आत्यांनी लगबगीनं कळशी वाकवली, आपलाच पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढं धरला. दोनशे पानं तांब्याबद्दल वाचून आलेल्या त्या माणसानं पेल्यात एकदा डोकावून बघितलं, मग आत्यांकडं बघितलं, आणि एका दमात पेला रिकामा केला.